आधी ग्रॅम विचार, मग किंमत

शोरूममध्ये गेल्यावर सेल्समनला पहिला प्रश्न किमतीचा करू नकोस. 'ही गाडी किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते?' एवढंच विचार, आणि उत्तर तोंडी नको, कागदावर माग. सगळा कारभार मैलांत चालणाऱ्या ब्रिटनमध्ये हा एक आकडा मात्र किलोमीटरचा आहे, आणि नव्या गाडीच्या किमतीतली सगळ्यात जास्त उडी मारणारी रक्कम त्याच्याच हातात आहे.

तू पुण्यात गाडी घेतलीस तेव्हा दादाने तुला आरटीओचा हिशेब शिकवला असेल. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, डिझेलला 13, जसजशी किंमत वाढेल तसतसा टक्का वर. एकदाच भरायचा आणि विसरायचा. त्याच्या आधी जीएसटी, तो गाडी चार मीटरच्या आत आहे का आणि इंजिन केवढं आहे यावर. सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांना 18 टक्के, मोठ्यांना 40, विजेवरच्यांना 5. म्हणजे तिथली मोजपट्टी लांबीची, इंधनाची आणि किमतीची. ब्रिटनमध्ये व्हॅट सगळ्या गाड्यांना सारखाच, 20 टक्के. फरक पडतो तो पहिल्या वर्षाच्या रोड टॅक्समध्ये, आणि तो ठरतो धुराच्या ग्रॅमवर. म्हणून तिकडची समज इकडे आणून 'लहान गाडी म्हणजे कर कमी' असं धरून चालू नकोस. लहान पण तापट इंजिनाची गाडी इथे मोठ्या हायब्रिडपेक्षा जास्त कर भरते.

एप्रिल 2025 पासून लागू झालेला तक्ता सांगते. शून्य ग्रॅम, म्हणजे पूर्ण विजेची गाडी, 10 पौंड. 50 ग्रॅमपर्यंत 110. 76 ते 90 ला 270, 91 ते 100 ला 350. 111 ते 130 ला 440. 131 ते 150 ला 540. इथपर्यंत चढण सौम्य आहे. त्याच्या पुढे कडाच लागतो. 151 ते 170 ला 1,360 पौंड, 171 ते 190 ला 2,190, 191 ते 225 ला 3,300, 226 ते 255 ला 4,680, आणि 255 च्या वर 5,490. व्ही-8 इंजिनाची मस्टँग घेणाऱ्याला मार्च 2025 पर्यंत 2,745 पौंड पडायचे. ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी 75 ग्रॅमच्या वरचे सगळे आकडे एका फटक्यात दुप्पट केले. दर एप्रिलला महागाईप्रमाणे हे आकडे वर सरकतात, तेव्हा तू घेशील त्या दिवशीचा तक्ता सरकारी संकेतस्थळावर स्वतः उघडून बघ. सेल्समनच्या फोनमधला जुना फोटो चालणार नाही.

आता यातली मेख बघ. 150 ग्रॅम असेल तर 540, 151 असेल तर 1,360. एका ग्रॅमला 820 पौंड. 190 आणि 191 मध्ये 1,110 पौंडांचं अंतर आहे. आणि हा ग्रॅम येतो कुठून? जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात साध्या गाडीचा असतो. 2020 पासून कर नव्या चाचणीच्या आकड्यावर लागतो, डब्ल्यूएलटीपी म्हणतात तिला, आणि त्या पद्धतीत तू मागवलेल्या नेमक्या गाडीचा आकडा काढला जातो. तू 17 इंचांऐवजी 19 इंचांची चाकं निवडलीस, काचेचं छत घेतलंस, ऑटोमॅटिक गिअर घेतलेस, की वजन आणि हवेचा अडथळा बदलतो आणि त्याबरोबर ग्रॅमही. साधी गाडी 148 वर असते, मनाजोगती सजवलेली 152 वर जाते. म्हणून ग्रॅमचा आकडा सगळे पर्याय निवडून झाल्यावर, तुझ्या नावाच्या कोटेशनवर छापलेला बघायचा. साधी गाडी 145 ते 150, 165 ते 170, 185 ते 190 अशा काठावर असेल तर चाकं लहान करून बघ. मोठ्या चाकांमुळे गाडी दिसते छान, पण इथल्या खड्ड्यांत टायर फुटतात तेही त्यांचेच.

सेल्सच्या मुलांवर माझा राग नाही. मी आयुष्यभर त्यांच्या मागच्या खोलीत बसून गाड्यांच्या पासिंगचे कागद केले. ते 'ऑन द रोड' एकच आकडा सांगतात. त्यात गाडी, व्हॅट, डिलिव्हरी, नंबरप्लेट, 55 पौंड नोंदणी फी आणि पहिल्या वर्षाचा टॅक्स असं सगळं मिसळलेलं असतं. तू म्हणायचंस, 'मला हे फोडून द्या.' फोडून घेतल्यावर दोन गोष्टी कळतात. एक, सूट मिळते ती गाडीच्या किमतीवर, टॅक्सवर कधीच नाही. दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही: गाडी हप्त्यांवर घेतलीस तर तो टॅक्ससुद्धा कर्जात जातो आणि त्यावर तीन-चार वर्षं व्याज भरत बसावं लागतं. टॅक्सची रक्कम मोठी असेल तर तेवढे पैसे डिपॉझिटमध्ये आधीच टाक.

तारखेचं तर मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आपल्यातलंच एक डॉक्टर जोडपं, 2025 च्या जानेवारीत सात सीटची पेट्रोल गाडी बुक करून गेलं. 196 ग्रॅमची. मार्चमध्ये मिळेल असं ठरलं होतं. बोट उशिरा लागली, गाडी बंदरावर अडकली, आणि पासिंगचा कागद माझ्या टेबलावर आला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. टॅक्स 1,650 चा 3,300 झाला. त्या बाई ऑर्डर फॉर्म घेऊन आल्या, मी त्यांच्यासमोर तो उलटवला. मागच्या बाजूला, तिसऱ्या परिच्छेदात, बारीक अक्षरात ओळ होती की सरकारने कर बदलला तर फरक ग्राहकाने द्यायचा. खाली दोघांच्या सह्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पर्समधून कार्ड काढलं आणि फरक भरला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण जानेवारीत त्यांना कोणी एक वाक्य सांगितलं असतं तर त्यांनी यार्डात तयार उभी असलेली गाडी घेतली असती.

तेव्हा कर लागतो पासिंगच्या दिवसाचा, बुकिंगच्या दिवसाचा नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेव. इथे नंबरप्लेटची मालिका 1 मार्च आणि 1 सप्टेंबरला बदलते आणि मार्चमध्ये शोरूममध्ये लग्नघाई असते. ज्याला मार्चअखेर गाडी हातात हवी त्याने फॉर्मवर लिहून घ्यावं: 31 मार्चच्या आत पासिंग झालं नाही तर वाढीव कर विक्रेत्याचा, नाहीतर बुकिंगची रक्कम परत. सगळे मान्य करत नाहीत. पण महिनाअखेरीला, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून, बरेच जण करतात.

दुसऱ्या वर्षापासून धूर मोजणं थांबतं. एप्रिल 2017 नंतर पासिंग झालेल्या सगळ्या गाड्यांना वर्षाला सरसकट एकच रक्कम, 2025-26 मध्ये 195 पौंड. दर महिन्याला कापून घ्यायला लावलेस तर पाच टक्के जास्त जातात, एकदाच भरून टाक.

पण 40 हजार पौंडांची रेघ आहे, तिच्याकडे नीट बघ. गाडीची छापील किंमत त्याच्या वर गेली की दुसऱ्या वर्षापासून पुढची पाच वर्षं, दरसाल आणखी 425 पौंड (2025-26 चा दर). याला धुराशी काही देणंघेणं नाही. छापील किंमत म्हणजे सूट देण्याआधीची, व्हॅट आणि डिलिव्हरी धरून, कारखान्यात बसवलेल्या सगळ्या पर्यायांसकट. तू घासाघीस करून 37 हजारांना आणलीस तरी कागदावर 40 च्या वर असेल तर कर लागणारच. 39,600 ची गाडी आणि 650 चं काचेचं छत, झाले 40,250. ते छत तुला 650 ला नाही, पाच वर्षांचे 2,125 धरून 2,775 ला पडलं. यावर उपाय आहे. चटया, टो-बार, डॅशकॅम असल्या वस्तू कारखान्यातून मागवू नकोस, पासिंग झाल्यावर बसवून घे, त्या छापील किमतीत धरत नाहीत. आणि जुनी गाडी घेतलीस तरी पहिल्या मालकाच्या वेळची छापील किंमतच धरतात. 18 हजारांना घेतलेल्या गाडीला 425 पौंडांची पावती आली म्हणून फोन करणारे लोक दर महिन्याला असायचे.

आता विजेची गाडी. सूनबाईंनी विचारलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मार्च 2025 पर्यंत विजेच्या गाडीला रोड टॅक्स शून्य होता. 1 एप्रिल 2025 पासून पहिल्या वर्षी 10, नंतर इतरांसारखेच 195. एवढंच नाही, 2017 नंतर घेतलेल्या जुन्या विजेच्या गाड्याही 195 मध्ये आल्या. 40 हजारांची रेघ त्या तारखेपासून पासिंग होणाऱ्या विजेच्या गाड्यांनाही लागू झाली. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात ती त्यांच्यापुरती एप्रिल 2026 पासून 50 हजारांवर नेली. त्याच अर्थसंकल्पात जाहीर झालं की एप्रिल 2028 पासून विजेच्या गाडीला मैलामागे 3 पेन्स आणि प्लग-इन हायब्रिडला दीड पेन्स द्यावे लागणार. वर्षाला 8 हजार मैल गाडी चालली तर 240 पौंड. हे ऐकून घाबरायचं कारण नाही. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे सरकार 52.95 पेन्स ड्यूटी घेतं आणि त्यावर पुन्हा व्हॅट. मैलाला तीन पेन्स त्याहून कमीच पडतात. खरा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या दारात गाडी उभी करायला जागा आहे का? घरच्या विजेवर व्हॅट 5 टक्के, रस्त्यावरच्या चार्जरवर 20, आणि रस्त्यावरचा मूळ दरही चढा. फ्लॅटमध्ये राहून, रात्रपाळी करून आल्यावर चार्जर शोधत फिरायचं असेल तर विजेच्या गाडीची निम्मी बचत तिथेच जाते. आधी राहायची जागा नक्की करा. भाड्याचं घर असेल तर मालकाकडून चार्जर बसवायची परवानगी लेखी घ्या.

आणि घ्यायचीच ठरली तर विक्रेत्याची अडचण समजून घासाघीस कर. सरकारने गाडी कंपन्यांना टक्केवारी घालून दिली आहे: 2024 मध्ये विकलेल्या गाड्यांपैकी 22 टक्के विजेच्या, 2025 मध्ये 28, 2026 मध्ये 33, असं करत 2030 ला 80. सवलती धरूनही कमी पडलेल्या प्रत्येक गाडीमागे 12 हजार पौंड दंड. म्हणून विजेच्या गाड्यांवर तिमाहीच्या शेवटी आणि वर्षअखेरीला ज्या सूट मिळतात त्या पेट्रोलवर कधी मिळणार नाहीत. जुलै 2025 पासून 37 हजारांच्या आतल्या ठरावीक विजेच्या गाड्यांना सरकारी अनुदानही आहे, काहींना 1,500, काहींना 3,750. ते किमतीतून आधीच वजा करून सांगतात, तेव्हा 'हे अनुदान की तुमची सूट?' असं वेगवेगळं विचारायचं.

अशाच दडपणामुळे काही गाड्या यादीतून निघूनही जातात. सुझुकीची जिम्नी आठवते? आपल्याकडे पाच दारांची मिळते. इथे लोक तिच्यासाठी रांगा लावत होते, पण कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या धुराची सरासरी ती बिघडवत होती, म्हणून 2020 मध्ये ती प्रवासी गाडी म्हणून विकणं बंद झालं. मग मागच्या सीट काढून मालवाहू म्हणून परत आली. एखाद्या मॉडेलचं स्वस्त पेट्रोल इंजिन अचानक 'उपलब्ध नाही' झालं तर त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, मागणी नसते असं नाही.

ज्यांना कंपनीकडून गाडी मिळते त्यांचा हिशेब मात्र अगदीच निराळा, आणि विजेच्या गाडीचा खरा फायदा तिथेच आहे. कंपनीची गाडी म्हणजे पगारातला लाभ, त्यावर आयकर. 2025-26 मध्ये विजेच्या गाडीच्या छापील किमतीच्या 3 टक्के उत्पन्न धरतात, 155 ग्रॅम आणि त्यावरच्या गाडीच्या 37 टक्के. 40 हजारांची गाडी आणि तू 40 टक्क्यांच्या आयकरात असशील तर विजेला वर्षाला 480 पौंड, त्या पेट्रोलला 5,920. इतकी तफावत दुसरीकडे कुठेच नाही. तुझ्या कंपनीत पगारातून कापून गाडी देण्याची योजना असेल तर जरूर बघ. पण सही करण्याआधी एचआरला दोन प्रश्न लेखी विचार: नोकरी सोडली तर गाडी परत करताना किती भरावे लागतील, आणि कागदावरचा पगार कमी दिसल्याने व्हिसावर आणि पुढे गृहकर्जावर काय परिणाम होईल. तू व्हिसावर आहेस, तुझ्यासाठी हा दुसरा प्रश्न गाडीपेक्षा मोठा आहे.

डिझेलबद्दल मला जीव तोडून सांगायचं आहे, कारण मी त्यात कितीतरी चांगल्या माणसांचे पैसे बुडताना पाहिले. मार्च 2001 पासून इथला रोड टॅक्स कार्बन डायऑक्साइडवर आला. डिझेल इंजिन तेवढ्याच अंतराला इंधन कमी जाळतं, म्हणून त्याचे ग्रॅम कमी. 100 ग्रॅमच्या आत असेल तर वर्षाला शून्य कर. कंपन्यांनी 99 ग्रॅमच्या डिझेल गाड्या काढल्या, सरकारने पाठ थोपटली, आणि नव्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास डिझेल झाल्या. टॅक्सी चालवणारे, पोस्टात काम करणारे, ईलिंगपासून ल्युटनपर्यंतचे आपले लोक, सगळ्यांनी डोळे मिटून डिझेल घेतली. डिझेलच्या धुरात दुसरं विष आहे, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बारीक कण, ते मुलांच्या छातीत जातं, याचा विचार त्या कराच्या तक्त्यात नव्हता. 2015 च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनची चाचणीतली फसवणूक उघडकीला आली. एप्रिल 2018 पासून नव्या कडक चाचणीत न बसणाऱ्या डिझेलला पहिल्या वर्षाचा कर एक पायरी वरचा लागला. आणि 29 ऑगस्ट 2023 ला लंडनचा यूलेझ, म्हणजे कमी धुराचा झोन, सगळ्या बरोंमध्ये पसरला. युरो 6 च्या आधीच्या डिझेलला दिवसाला साडेबारा पौंड. जी गाडी वर्षाचा कर शून्य म्हणून घेतली, ती नुसती दारातून बाहेर काढायला दिवसाला साडेबारा! आठवड्यात पाच दिवस कामावर जाणाऱ्याला वर्षाचे तीन हजारांच्या वर. लोकांनी पडेल त्या भावाला विकल्या.

म्हणून एकाच कराकडे बघून इंधन निवडू नकोस. रोड टॅक्स कार्बनचा आहे, यूलेझ नायट्रोजनचा, बर्मिंगहॅमच्या झोनमध्ये जुन्या गाडीला 8 पौंड तेही त्याच कारणासाठी. मध्य लंडनच्या कंजेशन चार्जला यातलं काहीच लागत नाही, तो गर्दीचा. विजेच्या गाड्यांची त्यातली पूर्ण माफी डिसेंबर 2025 मध्ये संपली. तू रेडिंगला राहणार, माझ्याकडे हॅरोला यायचं म्हणजे यूलेझमध्ये शिरणं आलंच. पेट्रोल गाडी युरो 4 ची, ढोबळमानाने 2006 नंतरची, चालते. डिझेल युरो 6 हवी, म्हणजे साधारण सप्टेंबर 2015 नंतरची. घेण्याआधी लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघ, नुसत्या वर्षावर भरवसा नको.

माझं मत विचारशील तर पहिली गाडी नवी कोरी घेऊच नकोस. सहा महिने-वर्षभर वापरलेली, शोरूमने स्वतःच्या नावावर पासिंग केलेली किंवा टेस्ट ड्राइव्हला ठेवलेली बघ. पहिल्या वर्षाचा तो मोठा टॅक्स त्यांनी भरलेला असतो, तुला सरसकट करापासून सुरुवात, फक्त 40 हजारांची रेघ तपासून घे. जास्त ग्रॅमच्या गाडीत हा फायदा जास्त. तुझं वर्षाचं इन्शुरन्स नव्या माणसाला महाग पडणारच आहे, तेव्हा गाडीत अडकणारे पैसे कमी बरे. दोघांना पुरेशी यारिससारखी हायब्रिड, 100 ग्रॅमच्या आतली, पेट्रोलही थोडकं पिते आणि चार्जर शोधायला लावत नाही. प्लग-इन हायब्रिड मात्र रोज प्लग लावणार असशील तरच. न लावता चालवलीस तर जड बॅटरी ओढत नुसतं पेट्रोल जाळायचं.

2017 च्या आधीची गाडी दिसली तर तिचा तक्ता जुना, दरवर्षी धुरावर, कमी ग्रॅमच्यांना वर्षाला 20 पौंडसुद्धा. लॉगबुकमध्ये ग्रॅम लिहिलेले असतात, तिथेच वाच.

आणि विकणाऱ्याने 'टॅक्स मार्चपर्यंत भरलाय' म्हटलं तर मान डोलाव आणि सोडून दे. ऑक्टोबर 2014 पासून टॅक्स गाडीबरोबर येत नाही. गाडी नावावर झाली की त्याला उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात आणि तुझी गाडी त्या क्षणापासून बिनटॅक्सची असते. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचतात, दंड होऊ शकतो. लॉगबुकमधली नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी फाडून घ्यायची, तिच्यावर बारा आकड्यांचा नंबर असतो. त्याच्या दारात उभं राहूनच फोनवर तो नंबर टाकून टॅक्स भरायचा, इन्शुरन्स चालू आहे ना बघायचं, आणि मगच किल्ली फिरवायची.